विनी मंडेला समजून घ्यायच्या तर: जोहान्सबर्गचा महिला तुरुंग, ८११५ क्रमांकाचं घर आणि ब्रँडफोर्ट

दक्षिण आफ्रिकेच्या ठरलेल्या सहलीत जोहान्सबर्गच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो आणि त्यातला अर्धा सोवेटोला, म्हणजे शहराच्या कडेला काळ्यांसाठी वसवलेल्या वस्तीला जातो. बस विलाकाझी स्ट्रीटच्या तोंडाशी थांबते, नेल्सन मंडेलांच्या घराबाहेर फोटो होतात, आत वीस मिनिटांची फेरी, मग जेवण आणि पुढचा मुक्काम. या फेरीत त्यांच्या दुसऱ्या पत्नी विनी मंडेला भेटतात त्या फक्त फोटोत: मंडेलांच्या सुटकेचा दिवस, ११ फेब्रुवारी १९९०, व्हिक्टर व्हर्स्टर तुरुंगाचं फाटक, नवऱ्याचा हात हातात आणि दुसऱ्या हाताची मूठ वर. या बाईंवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले, न्यायालयात खटले चालले, वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या सत्य आयोगाने नऊ दिवस सुनावणी घेतली. एवढं सगळं एका फोटोत मावत नाही. म्हणून अर्ध्या दिवसाच्या फेरीला पाचपैकी दोनच गुण. तेही घरासाठी, फेरीसाठी नाहीत.

विनींसाठीच जायचं असेल तर तीन जागा बघाव्यात आणि क्रमही सांभाळावा. आधी तुरुंग, मग घर, मग ब्रँडफोर्ट. पहिल्या दोन जागा एका दिवसात होतात. तिसरीला वेगळा दिवस लागतो आणि तिथेच बहुतेकांचा बेत बारगळतो.

निघण्याआधी एक हिशेब जुळवून घ्या. ‘फर्स्ट लेडी’ म्हणून विनींचं नाव यादीत सापडतं ते १० मे १९९४ ते १९ मार्च १९९६ एवढ्याच काळासाठी, आणि तेही कागदोपत्री. मंडेलांनी विभक्त होत असल्याचं १३ एप्रिल १९९२ लाच जाहीर केलं होतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीला त्यांच्या सोबत होती मोठी मुलगी झेनानी. पुढे १९९६ च्या मार्चमध्ये घटस्फोट झाला. म्हणजे राष्ट्राध्यक्षांची पत्नी म्हणून मिरवण्याचा काळ विनींना मिळालाच नाही. त्यांचं राजकारण त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधी सुरू झालं होतं आणि नंतरही बावीस वर्षं चाललं. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाकडे बघून ते कळणार नाही. तुरुंगातून सुरुवात करायची ती यासाठीच.

कॉन्स्टिट्यूशन हिल ही ब्रामफाँटेन आणि हिलब्रो यांच्यामधली टेकडी. फाटक कोत्झे स्ट्रीटवर आहे. नकाशात पार्क स्टेशन अगदी हाकेच्या अंतरावर दिसतं, पण चालत जाऊ नका. हिलब्रोच्या बाजूचे रस्ते नवख्या माणसाने मोबाइल हातात धरून हिंडण्यासारखे नाहीत. ॲपवरून टॅक्सी करा आणि थेट फाटकाशी उतरा. एकाच आवारात ओल्ड फोर्ट, काळ्या पुरुष कैद्यांचा ‘नंबर फोर’, महिला तुरुंग आणि आजचं घटना न्यायालय आहे. फेऱ्या दोन प्रकारच्या, एक तासाची आणि दोन तासांची. तिकीट काढतानाच विचारायचा प्रश्न एकच: या फेरीत महिला तुरुंग आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरी फेरी घ्या. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

भारतीय पाहुण्याला ‘नंबर फोर’ आधी खुणावतो, कारण १९०८ साली गांधीजी या किल्ल्यात कैदी होते आणि त्यांच्यावरचं दालन इथे आहे. ते जरूर बघा. तिथेच लावलेली कैद्यांच्या शिध्याची यादीही वाचा. वंशानुसार कोणाला काय आणि किती, हे तिथे इतकं नेटकं मांडलंय की वाचताना शिसारी येते. फक्त सगळा वेळ तिथेच घालवू नका. बरेच गट तेच करतात आणि महिला तुरुंगात पोहोचेपर्यंत सगळ्यांचे पाय बोलायला लागलेले असतात.

महिला तुरुंग विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांच्या अखेरीस बांधला. लाल विटांची देखणी इमारत, मधोमध गोल चौक आणि वरून येणारा भरपूर उजेड. बाहेरून जुन्या कॉन्व्हेंट शाळेसारखी वाटते. फसगत होते ती इथेच. गोऱ्या आणि काळ्या बायकांचे विभाग वेगळे होते, एकांतकोठड्या मागच्या बाजूला. १९८३ मध्ये तुरुंग बंद झाला आणि २००५ मध्ये संग्रहालय म्हणून उघडला. स्त्री-पुरुष समानता आयोगाची कचेरीही आता याच आवारात आहे. मांडणी हुशारीची आहे. मोठमोठे इतिहासफलक न लावता एकेका कैदी बाईची कहाणी कोठड्यांमधून सांगितली आहे. त्यात मुलाला विष घालून मारल्याबद्दल १९३२ मध्ये फाशी गेलेली गोरी डेझी डी मेल्कर आहे, पास जवळ नव्हता म्हणून पकडलेल्या मोलकरणी आहेत आणि राजकीय कैदीही आहेत. काळ्या कैदी बायकांना चड्डीसुद्धा घालू दिली जात नसे, हे इथल्या माजी कैद्यांनी सांगितलेलं वाचलं की त्या देखण्या चौकाकडे पुन्हा वर बघवत नाही.

विनी इथे दोनदा होत्या. पहिल्यांदा ऑक्टोबर १९५८ मध्ये. काळ्या माणसाला शहरात राहायचं, काम करायचं तर ‘पास’ नावाचं पुस्तक सतत जवळ बाळगावं लागे. ती सक्ती बायकांवरही आली तेव्हा जोहान्सबर्गच्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि हजाराहून जास्त जणींना अटक झाली. विनी तेव्हा बावीस वर्षांच्या, लग्नाला चार महिने झालेले आणि पहिल्यांदाच गरोदर. तुरुंगात गर्भपात होण्याच्या बेतात होता, तेव्हा सोबत असलेल्या अल्बर्टिना सिसुलूंनी सांभाळलं. त्या परिचारिका आणि सुईण होत्या. दोन आठवड्यांनी सुटका झाली, पण बाराग्वनाथ हॉस्पिटलमधली नोकरी गेली. ही नोकरी साधी नव्हती. पोंडोलँडमधल्या बिझाना भागातल्या खेड्यात २६ सप्टेंबर १९३६ ला जन्मलेली, शिक्षक आईवडिलांची ही मुलगी समाजकार्याचं शिक्षण घेऊन त्या हॉस्पिटलची पहिली काळी वैद्यकीय समाजसेविका झाली होती. नेल्सन मंडेलांची भेट १९५७ ची, म्हणजे नोकरी लागल्यानंतरची. त्यामुळे ‘मंडेलांनी तिला घडवलं’ हे वाक्य फेरीत कानावर आलं तर सोडून द्या.

दुसऱ्यांदा आणलं ते १९७६ मध्ये. १६ जूनला सोवेटोतल्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर पालकांची जी संघटना उभी राहिली तिच्यात विनी पुढे होत्या. ऑगस्टपासून वर्ष संपेपर्यंत त्या स्थानबद्ध होत्या. डर्बनच्या भारतीय वंशाच्या प्राध्यापक फातिमा मीर त्याच काळात इथे होत्या आणि कोठडीत चित्रं काढत होत्या.

इथे एक चूक वारंवार होते, ती ध्यानात ठेवा. विनींचा गाजलेला ४९१ दिवसांचा तुरुंगवास या इमारतीतला नाही, तो प्रिटोरियातला. १२ मे १९६९ च्या रात्री दोन लहान मुलींसमोर त्यांना उचललं. दहशतवाद कायद्याच्या सहाव्या कलमाखाली खटल्याशिवाय हवं तेवढं डांबता येत असे. सलग पाच दिवस आणि पाच रात्री झोपू न देता चौकशी, आणि त्या ४९१ दिवसांतला बराच काळ एकांतकोठडी. फेब्रुवारी १९७० मध्ये न्यायालयाने सोडलं, तर तिथल्या तिथे पुन्हा अटक. १४ सप्टेंबर १९७० ला एकदाची सुटका झाली. पुढच्या पंचवीस वर्षांत विनी जे बोलल्या आणि जसं वागल्या त्याची मुळं बरेच जण याच काळात शोधतात. समर्थन म्हणून ते मला अर्धवट वाटतं, कारण म्हणून वाटत नाही.

महिला तुरुंगाला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो प्रिटोरियाचा धागा पाहुण्याला स्वतःच जोडून घ्यावा लागतो म्हणून.

तिथून सोवेटो साधारण वीस किलोमीटर, रहदारीत पाऊण तास धरा. सिटी साइटसीइंगच्या लाल बसला सोवेटोची जोडफेरी आहे. ती सोयीची आहे, पण घरासमोर किती थांबायचं ते बस ठरवते. त्यापेक्षा सोवेटोत राहणारा नोंदणीकृत गाइड अर्ध्या दिवसासाठी घ्या आणि आधीच सांगा की विषय विनी आहे, नेल्सन नव्हेत. शनिवार-रविवार टाळा. विलाकाझी स्ट्रीटवर तेव्हा गाणी, नाच आणि गाड्यांची एवढी गर्दी असते की गाइडचं बोलणं ऐकू येत नाही. गाडी स्वतःची असेल तर रस्त्यावर गाड्या राखणारी मुलं असतात. परतताना त्यांना सुटे रँड द्यायची रीत आहे, म्हणून खिशात नाणी असू द्या.

घर, क्रमांक ८११५, कोपऱ्यावर आहे, विलाकाझी आणि न्गाकाने या रस्त्यांच्या. १९४५ मध्ये सरकारने बांधलेल्या शेकडो एकसारख्या घरांपैकी एक. विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा कोबा, अरुंद स्वयंपाकघर, परसात बादलीचा संडास. असल्या घरांना इथली माणसं काडेपेटीची घरं म्हणतात. आत शिरलात की का ते कळतं. पंधरा माणसांचा गट एका वेळी आत गेला की मागच्या पाचांना नुसती पुढच्यांची पाठ दिसते. शक्य असेल तर दोन गट करा.

आत कुटुंबाचे फोटो, मानद पदव्या, मुष्टियोद्धा शुगर रे लेनर्डने मंडेलांना दिलेला जगज्जेतेपदाचा पट्टा. हे सगळं झटपट बघून झालं की बाहेर या आणि दर्शनी विटांसमोर पाच मिनिटं उभे राहा. गोळ्यांची भोकं आणि पेट्रोल बॉम्बने काळवंडलेल्या विटा तशाच ठेवल्या आहेत. या घरातली सर्वात बोलकी वस्तू तीच, आणि ती काचेच्या कपाटात नाही.

आता तक्रार. पाटीवर ‘मंडेला हाउस’ लिहिलंय, पण दिवस मोजून बघा. मंडेला १९४६ पासून पहिल्या पत्नीसोबत इथे राहिले, हे खरं. विनी लग्न करून आल्या त्या जून १९५८ मध्ये. नवरा तेव्हा देशद्रोहाच्या खटल्यात अडकलेला होता. मार्च १९६१ मध्ये निर्दोष सुटला आणि भूमिगत झाला, ऑगस्ट १९६२ मध्ये पकडला गेला, १२ जून १९६४ ला जन्मठेप. १९९० मध्ये परत आल्यावर या घरात अकरा दिवस. उलट विनी मधल्या तुरुंगवाऱ्या सोडल्या तर १९५८ पासून मे १९७७ पर्यंत इथेच होत्या. इथूनच मुलींना वाढवलं, नंतर त्यांना स्वाझीलँडच्या वॉटरफोर्ड शाळेत पाठवलं, आणि सरकारी परवाना मिळेल तेव्हा अर्ध्या तासाच्या भेटीसाठी नवऱ्याच्या तुरुंगाचा, रॉबेन बेटाचा प्रवास केला. भेट काचेपलीकडून. सोळा वर्षांखालच्या मुलांना बेटावर भेटीला बंदी. नवराबायकोचा एकमेकांना स्पर्श झाला तो १९८४ च्या मे महिन्यात, पोल्समूर तुरुंगात, एकवीस वर्षांहून जास्त काळाने. म्हणजे घराचा संसार, पहारा आणि दरवाज्यावरच्या लाथा विनींच्या, आणि पाटी नवऱ्याची. मांडणीत विनी आहेत, पण ‘त्यांची पत्नी’ म्हणून. घराला साडेतीन गुण, त्यातले दोन त्या विटांचे.

जेवणाचं दोन ओळींत. रस्त्यावरच्या हॉटेलांत बुफे असतो. पाप म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, सोबत गाजर-बीन्सची तिखट चकालका आणि मोरोगो हा पालेभाजीचा प्रकार. शाकाहारी माणसाचं एवढ्यात नीट भागतं. कांडलेला मका आणि घेवडा यांच्या उम्न्गकुशोमध्ये कधी हाडं घातलेली असतात, विचारून घ्या. मोगोदू म्हणजे वजडी. खाणाऱ्यांनी सोडू नये.

ब्रँडफोर्ट. इथे घाई करून चालत नाही. फ्री स्टेट प्रांतातलं हे गाव ब्लूमफाँटेनच्या ईशान्येला पंचावन्न-साठ किलोमीटरवर, आर-३० रस्त्यावर आहे. जोहान्सबर्गहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी सहाला निघून रात्री परत येता येतं, पण अंधारात गाडी हाकण्यापेक्षा ब्लूमफाँटेनला मुक्काम केलेला बरा. गावाचं नाव आता अधिकृतपणे ‘विनी मंडेला’ आहे. नकाशाच्या ॲपवर दोन्ही नावं टाकून बघा, नाहीतर जोहान्सबर्गमधला त्याच नावाचा रस्ता पुढे येतो. घराचं संग्रहालय करायचं काम वर्षानुवर्षं रखडलं होतं, त्यामुळे त्या आठवड्यात ते उघडं आहे का याची फोनवर खात्री केल्याशिवाय निघू नका. बंद दारासाठी सातशे किलोमीटर म्हणजे फारच झालं.

१६ मे १९७७ ला पहाटे पोलिसांनी ८११५ मधलं सामान ट्रकमध्ये भरलं आणि विनींना सोळा वर्षांच्या झिंझीसह इथे आणून टाकलं. आपल्याकडे तडीपारी म्हणतात तोच प्रकार, फरक एवढाच की आपला तडीपार हद्दीबाहेर कुठेही जाऊ शकतो, इथे गाव नेमून दिलेलं होतं. काळ्यांच्या वस्तीतलं ८०२ क्रमांकाचं तीन खोल्यांचं घर. ना नळ, ना वीज. एका वेळी एकाहून जास्त माणसाला भेटायचं नाही. गावाची भाषा सेसोथो, विनींची खोसा. वस्तीला लोक ‘फाथाकाह्ले’ म्हणत, म्हणजे ‘जपून धरा’. आज ती माज्वेमास्वेउ, पांढरे दगड.

सरकारने हे गाव निवडलं ते पक्कं आफ्रिकानर, म्हणजे डच मुळाच्या गोऱ्यांचं (बोअरांचं) म्हणून. वर्णभेदाचा शिल्पकार म्हटला जाणारा हेंड्रिक फेरवुर्ड याच गावातल्या शाळेत शिकला. बोअर युद्धात इंग्रजांची छळछावणीही इथे होती, त्यामुळे गावाला स्वतःच्या जखमा नीट आठवत होत्या, शेजारच्या वस्तीच्या मात्र नाहीत. विनींना इथे कोमेजायला टाकलं होतं. घडलं भलतंच. गोऱ्यांच्या दारातून दुकानात शिरायचं, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम झाला. पोस्टाबाहेरचा सार्वजनिक फोन ही त्यांची कचेरी. ठरल्या वेळी त्या तिथे उभ्या राहत आणि जगभरचे पत्रकार फोन करत. वस्तीत पाळणाघर, दवाखाना, सूप किचन, परसात भाजीपाला. दोन आठवडे राहून समाजकार्य करणारे पुष्कळ असतात. ही बाई आठ वर्षं राहिली, आणि तेही स्वतःच्या मर्जीने नव्हे.

गावात गेल्यावर पोस्टाची जागा दाखवायला सांगा आणि पिएत दे वाल या नावाची चौकशी करा. गावातले वकील. नियमाने विनींचं वकीलपत्र घ्यावं लागलं, नाखुशीने घेतलं, मग त्यांची पत्नी अदेल आणि विनी मैत्रिणी झाल्या. दे वाल यांचा जुना मित्र म्हणजे न्यायमंत्री कोबी कुत्सी. त्याच्या कानावर दे वाल विनींची बाजू घालत राहिले. नोव्हेंबर १९८५ मध्ये मंडेला केप टाउनच्या हॉस्पिटलात होते. तिकडे निघालेल्या विनी आणि कुत्सी एकाच विमानात होते. विनी सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यानंतर कुत्सी हॉस्पिटलात मंडेलांना भेटला आणि सरकार आणि मंडेला यांच्यातल्या बोलण्याची वाट तिथून उघडली. वाटाघाटींच्या इतिहासात ब्रँडफोर्ट हे नाव तळटिपेत येतं, ते वर मजकुरात यायला हवं. या जागेला चार गुण, संग्रहालय उघडं असेल तर. बंद असेल तर गाव फिरूनही तीन.

ऑगस्ट १९८५ मध्ये या घरावर पेट्रोल बॉम्ब पडला. विनी तेव्हा उपचारांसाठी जोहान्सबर्गला होत्या. त्या परत आल्याच नाहीत. बंदी झुगारून सोवेटोत राहिल्या, आणि तिथून पुढची चार वर्षं या तिन्ही जागांपैकी कुठलीच पुरती सांगत नाही. ती सोबत वाचून न्यावी लागतात.

१३ एप्रिल १९८६ ला मन्सीव्हिलच्या सभेत विनी म्हणाल्या की आपल्या काडेपेट्या आणि आपले ‘नेकलेस’ घेऊन आपण हा देश मुक्त करू. नेकलेस म्हणजे खबऱ्या ठरवलेल्या माणसाच्या गळ्यात पेट्रोलने भरलेला टायर घालून पेटवणं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्याभोवती ‘मंडेला युनायटेड फुटबॉल क्लब’ जमला. फुटबॉल कमी, दहशत जास्त. २८ जुलै १९८८ ला ८११५ जाळलं ते पोलिसांनी नव्हे, या क्लबशी भांडण झालेल्या शाळकरी मुलांनी. कुटुंबाची पत्रं आणि फोटो त्या आगीत गेले. आज बघतो ते घर नंतर पुन्हा उभं केलेलं आहे. दर्शनी भिंतीवरचे डाग दाखवताना गाइड ‘वर्णभेदी पोलिस’ एवढंच म्हणून थांबला, तर त्याला १९८८ बद्दल विचारा. चांगला गाइड दचकत नाही.

नंतर विनी डिपक्लूफ एक्स्टेन्शनमध्ये राहायला गेल्या. २९ डिसेंबर १९८८ ला मेथडिस्ट चर्चच्या निवासातून चार जणांना उचलून त्या घरी आणलं आणि मारहाण केली. त्यातला स्टॉम्पी सेइपेइ चौदा वर्षांचा. पुढे जानेवारीत त्याचं प्रेत सापडलं. २७ जानेवारी १९८९ ला सोवेटोतले लोकप्रिय डॉक्टर अबू-बेकर अस्वत, भारतीय वंशाचे, आपल्याच दवाखान्यात गोळ्या घालून मारले गेले. इथे नेमकं बोलायला हवं, कारण दोन्ही बाजूंनी ठोकून दिलं जातं. स्टॉम्पीच्या खुनासाठी शिक्षा झाली ती क्लबचा प्रशिक्षक जेरी रिचर्डसन याला. विनींना १९९१ मध्ये अपहरण आणि मारहाणीनंतर साह्य केल्याबद्दल सहा वर्षं सुनावली. १९९३ च्या अपिलात अपहरण कायम राहिलं, दुसरा आरोप उडाला आणि शिक्षा १५,००० रँड दंड व दोन वर्षं तहकूब कैद इतकी खाली आली. अस्वत यांच्या खुनात विनींचा हात असल्याचे आरोप सत्य आयोगासमोर झाले, त्यांनी ते नाकारले, सिद्ध झाले नाहीत. १९९७ च्या त्या सुनावणीत आयोगाचे अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टूटूंनी अक्षरशः विनवणी केल्यावर त्या कबूल झाल्या की गोष्टी भयंकर बिघडल्या. आयोगाने क्लबच्या कृत्यांची राजकीय आणि नैतिक जबाबदारी त्यांच्यावर ठेवली. टूटूंचं घर विलाकाझी स्ट्रीटवरच आहे, ८११५ पासून चालत. गाइडसोबत तेवढं पाच मिनिटांचं अंतर पायीच जा.

निवडणुकांतलं राजकारण मात्र या सगळ्यानंतरही टिकलं. डिसेंबर १९९३ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या महिला लीगचं अध्यक्षपद. १९९४ मध्ये कला, संस्कृती, विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याच्या उपमंत्री. सरकारवर उघड टीका केल्यावर १९९५ मध्ये मंडेलांनी मंत्रिमंडळातून काढलं. २००३ मध्ये महिला लीगच्या नावाने बनावट कर्ज प्रकरणात फसवणूक आणि चोरीच्या आरोपांत दोषी. २००४ च्या अपिलात चोरी वगळली गेली, फसवणूक राहिली, कैद तहकूब. संपलं म्हणावं तर २००९ ला पक्षाच्या उमेदवार यादीत पाचव्या क्रमांकावर, आणि मरेपर्यंत खासदार. ज्यांनी मतं दिली त्यांना खटले माहीत नव्हते असं नाही. त्यांना ब्रँडफोर्टही माहीत होतं.

२ एप्रिल २०१८ ला वयाच्या ८१ व्या वर्षी त्या गेल्या. १४ एप्रिलला ऑर्लँडो स्टेडियममध्ये सरकारी इतमामात निरोप झाला. हे स्टेडियम विलाकाझी स्ट्रीटहून गाडीने काही मिनिटांवर आहे, बाहेरून बघून पुढे जा. कबर शहराच्या उत्तरेला फोरवेज मेमोरियल पार्कमध्ये. २०२० मध्ये गेलेली झिंझीही तिथेच. ही खासगी, हिरवळीची दफनभूमी आहे. फाटकावर विचारून आत जावं आणि चालू अंत्यसंस्काराच्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवावा.

फोरवेजकडे जाणारा मोठा रस्ता पूर्वी जुन्या ट्रान्सवाल प्रांताचा प्रशासक विल्यम निकोल याच्या नावाने होता. २६ सप्टेंबर २०२३ ला, विनींच्या जन्मदिनी, तो ‘विनी मंडेला ड्राइव्ह’ झाला. टॅक्सीवाल्याला जुनं नाव सांगितलं तरी कळतं, नव्या नावानेही तो बरोबर नेतो. फक्त संध्याकाळी चार ते सहा तिकडे निघू नका, सिग्नलला गाडी हलत नाही.